परदेशातला खाद्यपदार्थ ‘आमच्या व्याख्येत बसत नाही’ म्हणून एखादा देश त्याची विक्री रोखू शकतो का?

युरोपीय संघापुरतं सांगतो, कारण हा प्रश्न तिथे सर्वांत जास्त घासूनपुसून झालाय. संघातल्या एका देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल केवळ व्याख्येवरून दुसऱ्या देशाला सहसा अडवता येत नाही. काय घेतोय हे लेबलवरून कळत असेल, तर घ्यायचं की नाही ते ग्राहक ठरवेल.

सुरुवात १९७९ मध्ये ‘कासिस द दिजाँ’ या फ्रेंच लिक्युअरवरून झाली. त्यात मद्यार्क १५ ते २० टक्के, जर्मनीची अट किमान २५ची. युरोपीय न्यायालय म्हणालं, टक्केवारी बाटलीवर छापा, तेवढं पुरे.

मला सगळ्यात पटतो तो १९८८चा पास्त्याचा निकाल. इटलीत कायद्यानं सुका पास्ता फक्त ड्यूरम गव्हाचा, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचा; साध्या गव्हाचा विकायला बंदी. इटलीचं म्हणणं पोकळ नव्हतं. माझ्या घरी दोन्ही पाकिटं आहेत: मैद्याचा पास्ता दोन मिनिटं जास्त उकळला की लगदा होतो, ड्यूरमच्या रव्याचा चावताना दाताला लागतो. शिवाय दक्षिण इटलीतले शेतकरी या गव्हावर जगतात. तरी न्यायालयानं बंदी मान्य केली नाही. स्वतःच्या उत्पादकांवर अट ठेवा, बाहेरच्या पाकिटावर घटक लिहायला लावा. चांगलं काय ते लोकांना कळतं, हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

जर्मन बिअरचंही १९८७ मध्ये तेच झालं. ‘बिअर म्हणजे बार्लीचं माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी, ही आमच्या लोकांची समजूत’ असा जर्मनीचा दावा होता. लोकांच्या सवयी कायद्यानं गोठवायच्या नाहीत, हे न्यायालयानं बजावलं.

मग १ मे २०१४ पासून संघानं आपला हापूस का अडवला? कोकणातल्या बागायतदारांना ते किती लागलं, हे मी जवळून पाहिलंय. पण तिथे मुद्दा व्याख्येचा नव्हता, फळमाशीचा होता, आणि माल संघाबाहेरून येत होता. लेबल वाचून मी माझ्यापुरता धोका पत्करू शकतो. आंब्यातली अळी मात्र माझ्या ताटात थांबत नाही, ती दुसऱ्याच्या काचघरातल्या टोमॅटो-काकडीवर जाऊ शकते. त्या शेतकऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. निर्यातीआधीची तपासणी सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं. सोबत अडकलेल्या कारली, पडवळ, वांगी, अळू यांना आणखी थांबावं लागलं.