अ‍ॅपनं कर्ज नाकारलं, कारण विचारायचं कुणाला?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात एका खासगी कारखान्यात नोकरीला आहे, पगार बँकेत जमा होतो. घरदुरुस्तीसाठी मोबाइल अ‍ॅपवरून तीन लाखांच्या वैयक्तिक कर्जाचा अर्ज केला. पाचच मिनिटांत ‘अंतर्गत निकषांनुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही’ असा मेसेज आला. कस्टमर केअरवाले कारण सांगत नाहीत. मग आणखी तीन अ‍ॅपवर प्रयत्न केला, तिथंही नकार. माझा एकही हप्ता थकलेला नाही. मेहुण्याच्या टेम्पोच्या कर्जाला मात्र मी जामीन आहे. एक एजंट आठ हजारांत सिबिल ‘क्लिअर’ करून देतो म्हणतो. ग्राहक आयोगात दावा लावता येईल का?

उत्तर : पाचवा अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाच्या वेळी कर्ज देणारी संस्था तुमचा क्रेडिट अहवाल (तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद) मागवते आणि ती चौकशी तारखेनिशी, रकमेनिशी अहवालात नोंदली जाते. थोड्या दिवसांत चार चौकश्या दिसल्या की पुढचा माणूस आधीच सावध होतो.

आता दाव्याचं. कर्ज मिळणं हा कुणाचाच हक्क नाही. द्यायचं की नाही हा संस्थेचा व्यावसायिक निर्णय असतो आणि तेवढ्यावरून रिझर्व्ह बँकेचा लोकपालही तक्रार घेत नाही. नुसत्या नकारावर ग्राहक आयोगात जाऊन तुमच्या हाती तारखांशिवाय फारसं काही लागेल असं मला वाटत नाही. मात्र नकार कशाच्या आधारावर दिला, ती माहिती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि ती माहिती चुकीची असेल तर दुरुस्त करून घेण्याचाही.

मागायची कुणाकडे, इथंच बरेच जण फसतात. अ‍ॅप म्हणजे नुसता काउंटर. पैसे देणारी बँक किंवा वित्त कंपनी (एनबीएफसी) मागे असते. तुम्ही कस्टमर केअरशी भांडलात, तो बहुधा त्या काउंटरवरचा मुलगा. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क अ‍ॅपवर आणि संस्थेच्या वेबसाइटवर द्यावाच लागतो. तो शोधा आणि फोन न करता ईमेल करा :

‘मी दिनांक … रोजी आपल्याकडे रु. 3,00,000 च्या वैयक्तिक कर्जासाठी अर्ज केला होता (अर्ज क्र. …). तो नाकारल्याचे कारण लेखी कळवावे. तसेच क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) अ‍ॅक्ट, 2005 च्या कलम 21 नुसार, या अर्जासाठी आपण माझा जो अहवाल मागवला त्याची प्रत व तो देणाऱ्या कंपनीचे नाव द्यावे.’

मागे बँक असेल तर काम सोपं. बँकांसाठीच्या 2003 च्या न्याय्य व्यवहार संहितेत नकाराचं मुख्य कारण लेखी कळवायचं बंधन आहे. सुरुवातीला ते छोट्या कर्जांपुरतं होतं, पुढे सगळ्या कर्जांना आणि क्रेडिट कार्डाच्या अर्जांनाही लागू झालं. वित्त कंपनी असेल तर भर कलम 21 वर ठेवा, ते दोघांनाही लागू आहे; प्रतीसाठी ठरलेलं शुल्क मात्र पडू शकतं. मला विचाराल तर कारणापेक्षा अहवालाची प्रत जास्त कामाची. कारण म्हणून ‘इंटर्नल पॉलिसी’ असं दोन शब्दांचं उत्तर येऊ शकतं, अहवालात तसं गुळमुळीत काही नसतं.

उत्तराची वाट बघत बसू नका. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या असे अहवाल तयार करणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चारही काढा, संस्थेनं कुणाचा पाहिला ते तुम्हाला ठाऊक नाही. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं स्कोअर घसरत नाही.

अहवाल उघडलात की स्कोअर सोडा आणि खात्यांच्या यादीत जा. माझा संशय टेम्पोवर आहे. ‘माझा एकही हप्ता थकलेला नाही’ असं तुम्ही लिहिलंय ते खरंच असेल, पण जामीनकीही तुमच्याच अहवालात येते. खात्याच्या मालकीसमोर ‘गॅरंटर’ लिहिलेलं दिसेल. त्याखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात. 000 म्हणजे थकबाकी नाही, 060 म्हणजे हप्ता साठ दिवस थकला. मेहुण्यांना विचारून खरं कळेलच असं नाही, चौकोन मात्र खरं सांगतील.

तिथं आकडे दिसले आणि ते खरे निघाले, तर ती नोंद कुणी पुसू शकत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. थकलेले हप्ते मेहुण्यांना भरायला लावा. नाइलाजानं तुम्ही भरलेत तर खात्यातूनच भरा आणि पावती ठेवा. कलम 145 खाली ती रक्कम त्यांच्याकडून वसूल करता येते. घरात हे बोलणं अवघड जातं, पण पावती असली की निदान आकड्यावरून वाद होत नाही.

नोंद चुकीची असेल, म्हणजे फिटलेलं कर्ज अजून चालू दिसतंय किंवा तुमचं नसलेलंच खातं तुमच्या पॅनवर आलंय, तर अहवाल देणाऱ्या कंपनीच्या साइटवर ‘डिस्प्यूट’ (हरकत) दाखल करा आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लिहा. तिच्या दुजोऱ्याशिवाय सिबिल काही बदलत नाही. दुरुस्तीला 30 दिवस आहेत. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे; ती मागायला संकोच करू नका. अनोळखी कर्ज निघालं तर त्याच दिवशी पोलिसांत सायबर तक्रार द्या.

दुरुस्ती फेटाळली किंवा ईमेलला 30 दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. तक्रारीत ‘कर्ज नाकारलं’ हे गाऱ्हाणं मांडू नका; ‘अहवालाची प्रत दिली नाही’ किंवा ‘चुकीची नोंद दुरुस्त केली नाही’ एवढंच लिहा.

राहिला एजंट. खरी नोंद त्याला काढता येत नाही आणि चुकीची नोंद तुम्हाला फुकटात काढता येते, मग आठ हजार कशाचे? त्याला पॅन, आधार किंवा ओटीपी दिला असेल तर आजच कळवा, त्याचं वेगळं पाहावं लागेल.