वरचष्मा, पण कुठला?

प्रश्न: नोकरीच्या अर्जात मी ‘आय टुक अ‍ॅडव्हान्टेज ऑफ माय सीनियर्स’ असं लिहिलं. मित्र हसला, पण चूक काय ते त्यालाही सांगता येईना. अ‍ॅडव्हान्टेज, एज, अपर हँड आणि लेव्हरेज यांत फरक तरी काय?

उत्तर: तुमच्या वाक्याचा अर्थ ‘मी वरिष्ठांचा गैरफायदा घेतला’ असा होतो. मराठीत ‘गैर’ जोडायची सोय आहे. इंग्रजीत ते काम ‘ऑफ’च्या पुढचा शब्द करतो. पुढे वस्तू किंवा संधी असेल (लायब्ररी, सवलत, सुट्टी) तर बिनधास्त लिहा. माणूस आला की वाक्य फिरतं. ‘आय लर्न्ट अ लॉट फ्रॉम माय सीनियर्स’ एवढं पुरे.

अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे पारडं जड असणं. टेनिसमध्ये ४०-४० झाल्यावर पुढचा गुण घेणाऱ्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, पण लगेचचा गुण गमावला की पुन्हा ड्यूस (बरोबरी). म्हणजे स्थिती अनुकूल, जिंकणं अजून बाकी. प्रतिस्पर्ध्यावर असेल तर ‘ओव्हर’, एखाद्या गोष्टीचा गुण सांगायचा असेल तर ‘ऑफ’.

एज म्हणजे काकणभर सरस. दोघं जवळजवळ तुल्यबळ असतील तरच हा शब्द शोभतो. मोठ्या फरकाला ‘स्लाइट एज’ म्हणणं हास्यास्पद.

अपर हँड म्हणजे वरचष्मा. इथे झटापट हवी: वाद, वाटाघाटी, कुस्ती. आत्ता सूत्रं कोणाकडे आहेत, एवढंच तो सांगतो. आपल्याकडे सर्रास ‘अ‍ॅन अपर हँड’ लिहितात. त्याच्याआधी ‘द’च हवा.

लेव्हरेजचं मूळ लिव्हरमध्ये, म्हणजे तरफेत. समोरच्याच्या नाड्या तुमच्या हातात असणं. घरमालकाशी बोलताना तुमच्याकडे दुसऱ्या घराचा पर्याय आहे, हे लेव्हरेज. याच्याआधी ‘अ’ नाही, शेवटी अनेकवचनाचा ‘स’ही नाही.

अर्जात ‘लेव्हरेज्ड माय स्किल्स’ लिहायची फॅशन आहे. आम्हाला ती आवडत नाही; ‘यूज्ड’ लिहा. बँकेत अर्ज करत असाल तर जास्तच जपा, कारण तिथे ‘हायली लेव्हरेज्ड’ कंपनी म्हणजे डोक्यावर कर्जाचा मोठा बोजा असलेली.