जंगल निवडावे की तलाव?

प्रश्न : मी दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. उत्तरेकडील थंड प्रदेशातील जंगले आणि तलाव बदलत्या हवामानात कसे टिकतील, या विषयात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एम.एस. करण्याची इच्छा आहे. वनशास्त्रच पुढे न्यावे की जलविज्ञानाकडे वळावे? बाबांना खर्चाची चिंता आहे.

उत्तर : वनशास्त्र सोडू नका, पाण्याचा अभ्यास त्याच्या जोडीने करा. मिनेसोटाच्या खोल तलावांत सिस्को नावाचा मासा आहे. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो तळाच्या गार थरात उतरतो. पण पाणलोटातून फॉस्फरस वाहून आला तर शेवाळ माजते, ते कुजताना तळाचा प्राणवायू संपवते आणि माशाला कुठेच थारा राहत नाही. म्हणून तेथील मत्स्य विभाग अशा तलावांच्या पाणलोटाचा सुमारे 75 टक्के भाग जंगलासारख्या संरक्षित आच्छादनाखाली राहावा, असा आग्रह धरतो. म्हणजे मासा वाचवण्याचे काम काठावरच्या झाडांपासून सुरू होते.

याची उलट बाजूही पाहा. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या पाचूरंगी खोडकिडा (एमराल्ड अ‍ॅश बोरर) या भुंग्याची अळी अ‍ॅश जातीची झाडे मारत सुटली आहे आणि हिवाळे सौम्य झाल्यास थंडीने मरणाऱ्या अळ्याही कमी होतील. दलदलीतील काळा अ‍ॅश मेला की जमिनीतले पाणी ओढून घेणारे कोणी उरत नाही, पाण्याची पातळी चढते आणि नवी रोपे तग धरत नाहीत. त्यामुळे अ‍ॅश उभा असतानाच त्याच्या सावलीत दुसऱ्या जातींची रोपे लावून पाहण्याचे प्रयोग मिनेसोटातील चिप्पेवा राष्ट्रीय वनात झाले आहेत. भूजलाची नोंद आणि रोपांची मोजणी दोन्ही जमणारा माणूस येथे उपयोगी पडतो.

खर्चाबाबत सांगायचे तर प्रबंधासह असलेल्या एम.एस.साठी संशोधन साहाय्यकपद मिळाले की शिक्षणशुल्क बहुधा माफ होते आणि मासिक मानधनही मिळते. ते सहसा प्राध्यापकाच्या प्रकल्पातून येते. तेव्हा अर्जाआधीच त्यांना पत्र लिहा, जीआयएस (संगणकावरील नकाशा-विश्लेषण) आणि आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) येत असल्यास तसे नमूद करा. (‘लहानपणापासून निसर्गाची आवड’ हे वाक्य गाळा; ते प्रत्येक अर्जात असते.)

तेथील संघराज्य वनसेवेतील नोकऱ्या जवळजवळ सर्व नागरिकांसाठीच असतात, हे मात्र आधीच समजून घ्या. परतून भारतीय वनसेवेची परीक्षा देण्याचा विचार असेल, तर खुल्या प्रवर्गासाठी 32 वर्षांची वयोमर्यादा आहे, एम.एस.ची दोन-अडीच वर्षे त्यात कशी बसतात, हे बाबांसोबत कागदावर मांडून मगच प्रवेशाची तारीख ठरवा.