स्वभावच आळशी, मग बॅकलॉग निघणार कसे?

प्रश्न: ताई, मी सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात होस्टेलवर राहते. एम टू (मॅथ्सचा दुसरा पेपर) धरून दोन बॅकलॉग आहेत, म्हणजे दोन विषय राहिलेत. परवा आम्ही सगळ्यांनी ती बिग फाइव्हवाली, स्वभावाचे पाच गुण मोजणारी पर्सनॅलिटी टेस्ट दिली, माझा कॉन्शन्शसनेस एकदम तळाला आणि रूममेटचा भरपूर, आणि ती नाइन पॉइंटर, दहापैकी नऊवाली. स्वभावच असा असेल तर अभ्यास करून उपयोग काय?

उत्तर: अगं, ती काय पत्रिका आहे का? कॉन्शन्शसनेस म्हणजे चोखपणा, हातात घेतलेलं पुरं करणं, आणि मार्कांशी त्याचा संबंध आहे हे खरंच. आर्थर पोरोपॅट या संशोधकाने २००९ मधे सत्तर हजारांवर विद्यार्थ्यांचा डेटा एकत्र करून बघितला, पाच गुणांत सगळ्यात ठळक हाच निघाला, तोही हुशारीपासून बराचसा वेगळा. पण कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने चालतात याचा आकडा (एकदम पक्की जोडी असेल तर १), किती, तर साधारण ०.२२. वर्ग करून बघ, पाच टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे पोरापोरांच्या मार्कांत जो फरक पडतो त्यातला एवढाच या गुणाशी जोडता येतो. बडबडी की अबोल, याने तर कॉलेजात जवळपास काहीच फरक पडत नाही.

पुढे २०१२ मधे मिशेल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खास युनिव्हर्सिटीतल्या मुलांवरचा तेरा वर्षांचा रिसर्च चाळला, त्यात कंटाळा आला, अडलं, तरी नेट लावून बसणं याचा मार्कांशी संबंध कॉन्शन्शसनेसपेक्षा जास्त निघाला. (सगळ्यात वर होता 'मला इतके मार्क पडतील' हा विश्वास, पण तो बराचसा आधीच्या मार्कांवरूनच येत असणार, त्यामुळे मी त्याचं फार कौतुक करत नाही.)

आता रूममेटकडे बघ. ती बहुतेक प्रॅक्टिकल झालं की त्याच दिवशी राइटअप लिहून टाकत असेल, आणि तू सबमिशनच्या आदल्या रात्री तिचीच फाइल समोर ठेवून छापत असशील, हो ना? तेवढं एक बदल. आणि एम टूचं गणित अडलं की लगेच यूट्यूब लावू नकोस, पंधरा मिनिटं वहीशीच झटापट कर, नाही सुटलं तर रूममेटला विचार, शेजारच्याच कॉटवर तर आहे.

आणि बॅकलॉगचा एक्झाम फॉर्म भरलास का? नसेल तर आधी तो भर, नंतर उगाच लेट फी बसेल.