शोस्ताकोविचच्या पाचव्या सिम्फनीचं नेमकं कुठलं रेकॉर्डिंग ऐकावं?

तुम्ही लिहिलंय की बीथोवेन वगैरे बऱ्यापैकी ऐकून झालाय, आता सोव्हिएत रशियातल्या शोस्ताकोविचची पाचवी सिम्फनी (म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची चार भागांची मोठी रचना) ऐकायचीय पण अ‍ॅपवर ढीगभर रेकॉर्डिंग दिसतात आणि कुठलं लावावं कळत नाही. माझं मत विचाराल तर एक नको, दोन घ्या. एक रशियन कंडक्टर म्राविन्स्कीचं आणि एक अमेरिकन कंडक्टर बर्नस्टाइनचं, त्यातही १९५९चा बर्नस्टाइन. आणि आधी दोन्हींची फक्त शेवटची दोन-तीन मिनिटं पाठोपाठ ऐका. उलटा कारभार वाटेल, पण या सिम्फनीवरचं सगळं भांडण तिथेच आहे.

थोडं मागचं सांगतो. स्टालिन शोस्ताकोविचचा ऑपेरा बघायला गेला आणि मधेच उठून गेला, मग जानेवारी १९३६ मध्ये ‘प्रावदा’त, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रात, निनावी लेख आला की हे संगीत नाही, नुसता गोंधळ आहे. त्या काळात असा लेख येणं म्हणजे जिवावरचंच, त्यामुळे पठ्ठ्याने चौथी सिम्फनी तालमी चालू असताना मागे घेतली, ती पार १९६१ला वाजली. पाचवी आली २१ नोव्हेंबर १९३७ला, लेनिनग्राडला, कंडक्टर म्राविन्स्की, तेव्हा फार नाव नसलेला तरुण माणूस. तिसऱ्या भागात, लार्गोत, लोक रडले म्हणतात. सरकारही खूश, कारण शेवट कसा दणदणीत विजयाचा!

आता तो शेवट बघा. ब्रासवाले (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन वगैरे पितळी वाद्यं) डी मेजर या उजळ सप्तकात जोरात धून वाजवतायत, खाली टिंपनी म्हणजे मोठे नगारे ठोकतायत, आणि वरती व्हायोलिनं नि वुडविंडवाले (बासरी, क्लॅरिनेट वगैरे) एकच ए स्वर घासत बसतात, परत परत, परत परत, अक्षरशः वैताग येईपर्यंत. बर्नस्टाइन हे धावत नेतो, मग खरंच जल्लोष वाटतो. म्राविन्स्की पाय रोवून सावकाश नेतो आणि तोच जल्लोष बळजबरीचा वाटायला लागतो, कोणीतरी मागे उभं राहून आनंद करा म्हणतंय तसा. १९७९ला आलेल्या आठवणींच्या पुस्तकात शोस्ताकोविचच्या तोंडी हेच आहे, पण ते पुस्तक कितपत खरं यावर अजून वाद चालू आहे. गंमत म्हणजे छापील स्कोअरमध्येच, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीतच, वेगाचा घोळ आहे, एका आवृत्तीत मिनिटाला १८८ क्वार्टर नोट आणि दुसरीत १८४ एट्थ नोट, आणि एट्थ नोट क्वार्टरच्या निम्मी, म्हणजे जवळजवळ दुपटीचा फरक. आणि बर्नस्टाइनने १९५९ला मॉस्कोत ही वाजवली तेव्हा शोस्ताकोविच स्वतः हॉलमध्ये होता आणि त्याला आवडलीही, त्यामुळे बर्नस्टाइन चुकला असं कोण म्हणणार. त्या दौऱ्यावरून परत आल्यावर लगेच बॉस्टनला रेकॉर्डिंग झालं, ते हेच.

म्राविन्स्कीची बरीच आहेत, १९७३चं टोकियो लाइव्ह किंवा १९८४चं लेनिनग्राड लाइव्ह घ्या. साउंड खडबडीत आहे, आणि जुन्या रशियन ऑर्केस्ट्रांमधला ब्रास सुरुवातीला विचित्र वाटेल, तो सूर थरथरतो, आपल्या लग्नातल्या बँडची आठवण येते. दहा मिनिटांत कान सरावतो, आणि मग गुळगुळीत वेस्टर्न ब्रास या संगीताला फिका वाटायला लागतो (निदान मला तरी).

साउंड चांगलाच हवा असेल तर डच कंडक्टर हायटिंक आणि अ‍ॅमस्टरडॅमचा कॉन्सर्टगेबाउ ऑर्केस्ट्रा, अप्रतिम वाजवलंय पण मला जरा जास्तच सभ्य वाटतं.

एक मात्र करा, लार्गो लोकलमध्ये किंवा गाडी चालवताना ऐकू नका. ब्रास तिथे पूर्ण गप्प आहे, तंतुवाद्यांचे बारीक बारीक गट केलेत, बरंचसं इतकं हळू वाजतं की बाहेरच्या आवाजात काही कळणारच नाही, मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवणार आणि पुढच्या भागाच्या पहिल्याच ठोक्याला कानठळ्या बसणार. शफल पण बंद करा.

पंधराच्या पंधरा सिम्फनींचा बॉक्स सेट आत्ताच घेऊ नका. घ्यायचाच असेल तर रशियन कंडक्टर कोंद्राशिनचा, सगळा संच रेकॉर्ड करणारा पहिला तोच, किंवा बार्शायचा, तो स्वस्तात मिळतो. पण पाचवीनंतर आधी दहावी ऐका, कंडक्टर कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. शोस्ताकोविचची ही एकच सिम्फनी कारायानने रेकॉर्ड केली, तीही स्टुडिओत दोनदा, १९६६ आणि १९८१. मी १९६६चं घेईन, दुसरा भाग चारेक मिनिटांचा आहे पण काय सुटतो!