एकाच मोसमाचे दोन 'सर्वोत्तम' खेळाडू: क्रूज की स्कीन्स?

तुमचा प्रश्न असा होता: २०२३ च्या अमेरिकी कॉलेज बेसबॉलमध्ये एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) बॅटर (फलंदाज) डिलन क्रूजला 'गोल्डन स्पाइक्स' मिळाला आणि त्याच संघातल्या पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्सला 'डिक हाउझर ट्रॉफी'. दोन्ही पुरस्कार मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचेच, मग ही वाटणी करून दोघांना खूश केलं का?

नाही. दोन्ही पुरस्कारांचे मतदार वेगळे. गोल्डन स्पाइक्स यूएसए बेसबॉल ही संस्था १९७८ पासून देते, पहिला मानकरी ॲरिझोना स्टेटचा बॉब हॉर्नर. नियमाने तो अमेरिकेतल्या कुठल्याही हौशी खेळाडूला मिळू शकतो, पण आजवर गेलाय कॉलेजच्याच खेळाडूंकडे. हाउझर ट्रॉफी कॉलेजच्या वरच्या गटापुरती. डिक हाउझर फ्लोरिडा स्टेटचे शॉर्टस्टॉप (आतल्या भागातला क्षेत्ररक्षक), पुढे तिथलेच प्रशिक्षक. १९८५ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स या व्यावसायिक संघाला त्यांनी वर्ल्ड सिरीज (व्यावसायिक बेसबॉलची अंतिम मालिका) जिंकून दिली आणि १९८७ मध्ये मेंदूतल्या गाठीने ते गेले. ट्रॉफी त्याच वर्षापासून सुरू झाली.

खरी अडचण वेगळीच आहे. क्रिकेटमध्ये मालिकावीर निवडताना गोलंदाज आणि फलंदाज यांची तुलना अवघड जाते ना, इथे ती कितीतरी पटीने अवघड. कॉलेजचे सामने शुक्रवार-शनिवार-रविवार असे सलग होतात आणि मुख्य पिचर त्यातला एकच, बहुधा शुक्रवारचा, खेळतो. बॅटर मात्र रोज मैदानात. स्कीन्सने १२२ इनिंगमध्ये (एका सामन्यात साधारण नऊ असतात) २०९ स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं) घेतले आणि नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर सरासरी १.६९ धावा लागल्या. क्रूजची सरासरी .४२६, म्हणजे दर हजार संधींमागे ४२६ हिट (यशस्वी फटके), आणि मोसमातल्या ७१ पैकी प्रत्येक सामन्यात तो किमान एकदा तरी बेसवर (धावेच्या वाटेतला टप्पा) पोहोचलाच. हे आकडे एका तराजूत कसे घालणार?

त्या वर्षीच्या कॉलेजच्या अंतिम स्पर्धेतला, ओमाहा शहरात झालेला वेक फॉरेस्ट विद्यापीठाविरुद्धचा सामना मिळाला तर पूर्ण बघा. जिंकणारा अंतिम फेरीत जाणार होता. स्कीन्सने आठ इनिंग एकही धाव दिली नाही. समोरचा पिचर रेट लाउडरही तसाच, सात इनिंग शून्य. स्कीन्स बाहेर गेल्यावरही कोंडी फुटेना. अकराव्या इनिंगमध्ये क्रूजने सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारून सुरुवात केली आणि टॉमी व्हाइटने होम रन (सीमापार फटका) मारून सामना २-० ने संपवला. स्कीन्सशिवाय संघ तिथवर टिकला नसता, आणि ती शेवटची इनिंग क्रूजनेच उघडली. पुढच्या महिन्यात ड्राफ्टमध्येही (व्यावसायिक संघांची क्रमाने होणारी खेळाडू-निवड) पहिला स्कीन्स आणि दुसरा क्रूज. एकाच कॉलेजचे दोघे असे ओळीने पहिले दोन जाण्याची ती पहिलीच वेळ.

एक चूक मात्र टाळा. हे पुरस्कार म्हणजे भविष्यातल्या मोठ्या ताऱ्याचा शोध, असं समजू नका. २०२१ चा गोल्डन स्पाइक्सचा मानकरी अर्कान्सासचा केव्हिन कॉप्स. तो बहुतेक वेळा सामन्याच्या उत्तरार्धात येणारा पिचर, वयानेही बाकीच्यांपेक्षा मोठा, ड्राफ्टमध्ये गेला तो तिसऱ्या फेरीत. पण त्या मोसमात नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर सरासरी ०.९० धावाच लागल्या, आणि मान त्या मोसमाचा होता. मला ही निवड फार आवडते.

आणि १९८७ चा मिशिगनचा जिम ॲबट. जन्मापासून उजवा पंजा नाही. चेंडू टाकताना ग्लोव्ह उजव्या मनगटावर टेकवलेला, चेंडू सुटताच डावा हात ग्लोव्हमध्ये. चेंडू अडवला की ग्लोव्ह काखेत धरून डाव्याच हाताने तो बाहेर काढायचा आणि फेकायचा. गोल्डन स्पाइक्स त्याला मिळाला तो पिचिंगसाठी, दयेपोटी नाही. १९९३ मध्ये यँकीज या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघाकडून त्याने समोरच्या संघाला एकही हिट न देता अख्खा सामना काढला.

तुम्ही शेवटी माझं मत विचारलंत. माझं मत क्रूजला. स्कीन्स जास्त भेदक होता हे मान्य, पण तो आठवड्यातून एक दिवस. फेब्रुवारीपासून जूनच्या अखेरीपर्यंत ७१ सामने, आणि त्यात एकही दिवस रिकामा नाही, हे मला त्या २०९ स्ट्राइकआउटपेक्षा जड वाटतं.