चार पॅनेलचे घ्यावेत की सहा पॅनेलचे?

प्रश्न : मी दादरला शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत राहतो. निवृत्त आहे. हॉल ११ बाय १७ फूट. ऐकतो ते बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत. किशोरीताई, मन्सूरअण्णा, कुमारजी. थोड्या एलपी, बाकी सीडी. क्वाड कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरच्या दोन वापरलेल्या जोड्या सध्या विकायला आहेत. खारला ईएसएल-२८०५, ठाण्याला ईएसएल-२९०५. दिसायला सारखेच, २९०५ फक्त उंच. किमतीत पाऊण लाखाचा फरक. मुलगा म्हणतो, घ्यायचेच तर मोठे घ्या. ॲम्प्लिफायर ७० वॅटचा, ट्रान्झिस्टरचा. समुद्र जवळ असल्याने दमट हवेची धास्ती वाटते. एक सवय सांगायला हवी : मी खाली गादी घालून, मांडी घालूनच ऐकतो. सोफ्यावर बसून गाणं ऐकणं मला जमत नाही. काय करावं?
– एक वाचक, दादर

उत्तर : २८०५ घ्या. तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य वाचलं तेव्हाच माझं मत पक्कं झालं. पण आधी दोन्हींत काय सारखं आहे ते सांगतो, म्हणजे पाऊण लाख नेमका कशाचा मागतायत ते कळेल.

या स्पीकरना खोका नाही, शंकूसारखा कागदी पडदा नाही, तारेची कॉइल नाही. केसाहून कितीतरी पातळ असा प्लास्टिकचा पडदा दोन जाळीदार प्लेटांच्या मधोमध ताणून बसवलेला असतो; असा एक संच म्हणजे एक पॅनेल. पडद्यावर पाच हजार व्होल्टच्या आसपास स्थिर दाब असतो. ॲम्प्लिफायरकडून आलेलं गाणं ट्रान्सफॉर्मरने वाढवून त्या प्लेटांना दिलं, की पडदा अख्खाच्या अख्खा पुढेमागे होतो. हलायला वजनच नसल्यामुळे स्वर उठतो तसा उठतो आणि थांबतो तसा थांबतो. तानपुऱ्याची जवारी या स्पीकरवर एकदा ऐकली, की खोक्याच्या स्पीकरमधला तानपुरा घोंगडीखालून आल्यासारखा वाटायला लागतो.

क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ साली बाजारात आला. नंतर १९६३ मध्ये त्यांनी पुढच्याचं काम सुरू केलं आणि तो ईएसएल-६३ विक्रीला यायला १९८१ उजाडलं. वॉकरसाहेबांची खरी करामत या दुसऱ्या स्पीकरमध्ये आहे. मधल्या पॅनेलच्या प्लेटा एकात एक बसणाऱ्या वर्तुळांमध्ये विभागल्या आहेत. मधल्या वर्तुळाला सिग्नल आधी मिळतो, बाहेरच्यांना क्रमाने जरा जरा उशिरा. त्यामुळे आवाज एवढ्या मोठ्या सपाट पडद्यातून न येता, पडद्यामागे साधारण ३० सेंटिमीटरवर असलेल्या एका बिंदूतून आल्यासारखा पसरतो. २८०५ आणि २९०५ हे दोघेही याच घराण्यातले. मधले दोन पॅनेल दोन्हींत त्याच धर्तीचे आहेत, आणि गळा, सारंगी, हार्मोनियम यांचं बहुतेक काम तिथेच होतं. २८०५ मध्ये त्यांच्या वर एक आणि खाली एक असे खर्जाचे दोन पॅनेल. २९०५ मध्ये वर दोन आणि खाली दोन. म्हणजे पाऊण लाख जातोय तो फक्त खर्जासाठी.

हा खर्ज किती? कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २८०५ खाली ३७ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला ३७ कंपनं) जातो, तर २९०५ हा ३२ पर्यंत. हार्मोनियमवर मोजायचं तर दोन-अडीच पट्ट्या, त्याही हार्मोनियमच्या पार खाली. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ च्या. बाईंचा षड्ज त्याहून बराच वर. डग्ग्याचा मूळ नादसुद्धा ३७ च्या वरच असतो. मन्सूरअण्णांच्या कुठल्याही रेकॉर्डमध्ये ३२ हर्ट्झला काही सापडलं, तर ती टर्नटेबलची घरघर असेल.

आता न्यायाने बोलायचं तर फरक नुसता तळाचा नाही. खर्जाचं क्षेत्रफळ दुप्पट असल्यामुळे २९०५ वर डग्ग्याला जास्त अंग येतं आणि मोठ्या आवाजात तो सहज राहतो. तुम्ही पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा किंवा पाइप ऑर्गन ऐकत असता, किंवा हॉल २५ फुटी असता, तर मीच तुम्हाला ठाण्याला पाठवलं असतं. पण १७ फूट लांबीच्या खोलीतली हवा स्वतःच ३३ हर्ट्झच्या आसपास घुमते. जो जास्तीचा खर्ज तुम्ही विकत घेणार, तो स्पीकरचा कमी आणि हॉलचा जास्त असणार. त्यासाठी पाऊण लाख कशाला?

आता गादी. २८०५ ची उंची १०४ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन फुटांच्या जरा खाली. पडद्याचा मध्य दोन फुटांच्या आसपास येतो आणि स्पीकर किंचित मागे कललेला असतो. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान साडेतीन फुटांवर असतो. म्हणून खुर्चीवाल्यांना या स्पीकरवर गाणारा खड्ड्यात बसलाय असं वाटतं आणि ते खाली स्टँड घालून तो उचलतात. उंच २९०५ मध्ये मधले पॅनेल आपोआप वर जातात, ही त्यांची मोठी सोय. तुम्हाला तीच गैरसोय. मांडी घालून बसलेल्याचा कान गादीसकट अडीच-पावणेतीन फुटांवर येतो. कलता २८०५ आठ-नऊ फुटांवरून बरोबर तिथे पोचतो, २९०५ तुमच्या डोक्यावरून गातो. मैफलीत गवई तुमच्यासारखाच खाली बसलेला असतो, तेव्हा हे चित्र बरोबरच आहे. गुडघे साथ देतायत तोवर गादी सोडू नका. पुढे सोडावी लागली तर एक फुटाचे लाकडी स्टँड कुठलाही सुतार करून देईल.

जागेचं गणित मात्र दोन्हींना सारखंच कडक आहे. हे स्पीकर मागच्या बाजूलाही तितकंच गातात. भिंतीला चिकटवले की मागचा आवाज लगेच परत येऊन पुढच्यात मिसळतो आणि सगळं चिखल होतं. मागे निदान साडेतीन फूट मोकळे हवेत. तुमच्याकडे : साडेतीन फूट मागे, मग आठ-साडेआठ फूट अंतरावर गादी आणि तरीही तुमच्या पाठीमागे चार-पाच फूट राहतात. हॉलची ११ फूट रुंदी ऐकून घाबरू नका. बाजूला हे स्पीकर जवळजवळ मुके असतात, पुढचा आणि मागचा आवाज कडेला एकमेकांना खाऊन टाकतो. मुंबईच्या अरुंद हॉलमध्ये याचा खोक्याच्या स्पीकरपेक्षा फायदाच होतो. रुंदी दोन्ही मॉडेलांची सारखीच, सव्वादोन फुटांहून जरा जास्त. हॉलच्या मधोमध दोन दरवाजे उभे केल्यासारखं दिसेल; घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या. आणलेले स्पीकर ‘फक्त पाहुणे येईपर्यंत’ म्हणून भिंतीला सरकवलेले आणि मग कायम तिथेच राहिलेले मी पुष्कळ पाहिलेत.

दमट हवेची तुमची भीती खरी आहे. पडद्यावरचा विद्युतभार ओलसर धुळीच्या थरावरून गळायला लागतो. आधी एक बाजू हळू बोलते, मग गाणं बंद असतानाही टिक्‌टिक्‌ ऐकू येते. म्हणूनच वापरलेला इलेक्ट्रोस्टॅटिक जानेवारीत बघू नये. तेव्हा सगळेच गुणी असतात. जुलैत, बाहेर कोसळत असताना बघायला जा. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करून स्पीकर मेनला, म्हणजे विजेच्या सॉकेटला, जोडून ठेवायला सांगा, कारण बंद पडून असलेल्या पडद्याला पुरता भार चढायला वेळ लागतो. गेल्यावर आधी काहीही न वाजवता, पंखे बंद करून, प्रत्येक स्पीकरच्या जाळीपाशी कान नेऊन दोन-तीन मिनिटं थांबा. टिक्‌टिक्‌ किंवा तळणीसारखा आवाज आला तर चहा घ्या आणि परत या.

शांत असेल तर एखादी मोनो रेकॉर्ड (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली) लावा. बरोबर मधे बसल्यावर गळा दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. डावीउजवीकडे झुकला तर ॲम्प्लिफायरच्या मागे दोन्ही बाजूंच्या वायर अदलाबदल करा. झुकाव वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधीच्या यंत्रात आहे. तिथेच राहिला तर त्याच्या विरुद्ध बाजूचं, हळू बोलणारं पॅनेल मेलंय किंवा मरतंय. मग विकणाऱ्याने कितीही उतरून दिले तरी घेऊ नका. पॅनेल नव्याने बांधणारा माणूस आपल्याकडे सहज मिळत नाही आणि एवढं नाजूक धूड परदेशी पाठवणं परवडत नाही. खारच्या जोडीत दोष निघाला तर ठाण्याची घ्या, पण तीही अशीच तपासून. मग गादीखाली अजून एक गादी घाला.

वाचलेल्या पैशांतून एक चांगला डीह्युमिडिफायर घ्या आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हॉलमध्ये लावा. समुद्राकडची खिडकी स्पीकरच्या बाजूला असेल तर ती भिंत स्पीकरसाठी निवडू नका. आणि देवघर हॉलमध्ये असेल तर उदबत्ती, धूप, कापूर दुसरीकडे न्यायची व्यवस्था करा. हजारो व्होल्टचा पडदा धूर आणि धूळ स्वतःकडे खेचतो. आत पातळ धूळरोधक आवरण असतं खरं, पण तेलकट काजळी त्यावरही बसतेच. जाळीच्या आत काहीही घालू नका, ओलं फडकं तर नाहीच. मेनमधून काढल्यावरही भार बराच वेळ राहतो.

तुमचा ७० वॅटचा ॲम्प्लिफायर पुरेल. हे स्पीकर ॲम्प्लिफायरला कपॅसिटरसारखे वाटतात, वरच्या पट्टीत त्यांचा रोध बराच खाली येतो. डळमळीत ॲम्प्लिफायर अशा वेळी तापतो किंवा कर्कश होतो. खारला जाताना तुमचाच बरोबर न्या. तासभर वाजवून वर हात ठेवून बघा.

प्रश्न : मामांनी क्वाडचे सर्वांत जुने, १९५७ चे इलेक्ट्रोस्टॅटिक मला दिले आहेत. माझ्याकडे क्वाडचाच ४०५ ॲम्प्लिफायर आहे. एकाच कंपनीचे असल्याने जोडायला हरकत नसावी ना?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : हरकत आहे, अजून जोडले नसतील तर थांबा. हीटरसारखे दिसणारे हे जुने ५७ साधारण ३३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत आणि ४०५ त्याहून जास्त देऊ शकतो. उंच स्वरांचं पॅनेल आत ठिणगी उडून जळतं. तेही नेमकं तान रंगात आलेली असताना, कारण आवाज तेव्हाच वाढवलेला असतो. कंपनीला हे माहीत होतं, म्हणून ४०५ साठी व्होल्टेज रोखणारे लिमिटर दिले जात. तुमच्या ४०५ मध्ये ते आहेत का, हे वर्कशॉपमध्ये उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही. नसतील तर बसवून घ्या किंवा जुना क्वाड ३०३ शोधा. तो १९६७ चा आहे, चॅनेलला ४५ वॅटचा, आणि ५७ बरोबर सुखाने नांदतो. मामांना एक विचारून ठेवा : स्पीकरचा मेनचा व्होल्टेज सिलेक्टर आपल्या पुरवठ्याला जुळतो आहे ना?

प्रश्न : इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरसाठी मोठा स्टॅबिलायझर लागतो का? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होतं.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. मेनमधून हे स्पीकर जेमतेम काही वॅट घेतात; गाण्याची सगळी ताकद ॲम्प्लिफायरकडून येते. विजेच्या अचानक धक्क्यापासून वाचवणारं सर्ज प्रोटेक्टरचं चांगलं एक्स्टेंशन पुरे. स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल तर फ्रिजला लावा.